दारू सोडवणं आणि नोकरी लावणं, दोन्ही एकत्र कसं जमवायचं

घरात कुणी वर्ष-दीड वर्ष बेकार आहे आणि सोबत दारूही वाढत चाललीये म्हटलं की दोन सल्ले हमखास येतात. एक म्हणजे आधी दारू सोड, मग नोकरीचं बघू. दुसरा, एकदा कामाला लावा त्याला, आपोआप सुटेल. ऐकायला दोन्ही पटतात आणि दोन्हींत वर्षं निघून जातात. पहिल्यात माणूस महिनाभर कसाबसा राहतो पण सकाळी उठून करायचं काय हेच नसतं, दिवस अंगावर येतो आणि संध्याकाळी पाय परत तिकडेच वळतात. दुसऱ्यात तो कुणाच्या तरी ओळखीने चिकटतो, हात थरथरतायत म्हणून सकाळीच थोडी लावून जातो, वास येतो आणि पंधरा दिवसांत घरी. म्हणून दोन्ही एकाच वेळी चालवायचं असतं. मी लिहितोय ते मुख्यतः घरच्यांसाठी किंवा जो कुणी यासाठी धावपळ करतोय त्याच्यासाठी, पण ज्याला सोडायचीये त्याने स्वतः वाचलं तर उत्तमच.

नोकरीचा आणि दारूचा संबंध फक्त पैशाचा नाहीये हे आधी डोक्यात घ्या. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाच्या गावात १९३० च्या सुमारास कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन लोकांचे दिवस कसे जातात ते नोंदवलं. वेळ भरपूर होता तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालेलं, पुरुष रस्त्याने हळूहळू चालायचे, मध्येच थांबायचे, आणि दिवसभर काय केलं विचारलं तर धड सांगता यायचं नाही. याहोडाने पुढे मांडलं की नोकरी पगाराशिवाय आणखी पाच गोष्टी देते, दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरची माणसं, चार जणांनी मिळून करायचं काहीतरी, समाजात एक ओळख आणि हातांना रोजचं काम. आता बेकार माणसाला दारू काय देते ते बघा, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेली मंडळी. म्हणजे बाटली काढून घेतली की यातलं बरंचसं एकदम जातं, आणि तिथे काही ठेवलं नाही तर तो परत जाणारच, त्यात त्याचा हट्ट कमी आणि रिकामपण जास्त असतं.

फक्त एक गोष्ट आधी: सुरक्षितपणे थांबवणं

दोन्ही एकत्र म्हटलं तरी पहिला आठवडा डॉक्टरचाच. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी, जिद्दीने, एका झटक्यात बंद करणं धोक्याचं असतं आणि हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ८ तासांत थरथर, घाम, घाबरं होणं, उलटीसारखं वाटणं सुरू होतं. फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या ४८ तासांत असतो. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो, बडबड सुरू होते, याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि यात माणूस जाऊ शकतो. आधी कधी बंद करताना फिट आलेली असेल, किंवा असे भास झाले असतील, किंवा लिव्हरचा, हार्टचा मोठा आजार असेल, घरात लक्ष ठेवायला कुणी नसेल, तर थेट ॲडमिट करायचं, यावर चर्चा नको.

ॲडमिट करायची गरज नसेल तर डॉक्टर त्याला घरी ठेवूनही डिटॉक्स, म्हणजे शरीरातून दारू उतरवण्याचा उपचार, देतात, डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी रोज कमी कमी करत साधारण आठवडाभर (लिव्हर खराब असेल तर बहुतेक वेळा लोराझेपाम). या गोळ्यांचीही सवय लागते म्हणून त्या घरच्यांच्या हातात ठेवायच्या, डॉक्टरने सांगितलं त्या दिवशी बंद करायच्या, त्यावर दारू अजिबात नाही, आणि त्या काळात गाडी चालवायची नाही, मशीनवर उभं राहायचं नाही. सोबत थायमिन म्हणजे बी१ देतात, बरेचदा इंजेक्शनने. हे साधं जीवनसत्त्व वाटतं म्हणून टाळू नका, वर्षानुवर्षं पिणाऱ्यांत याची कमतरता असते आणि त्यातून मेंदूला असा मार बसू शकतो की स्मरणशक्ती परत येत नाही. चालताना तोल जाणं, डोळे विचित्र फिरणं, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर ती दारूची झिंग समजून झोपवून ठेवू नका, इमर्जन्सीत न्या.

आणि प्रश्न एवढा मोठा आहेच का, हे कळायला जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची १० प्रश्नांची चाचणी आहे, ४० पैकी गुण. ८ किंवा जास्त आले की पिणं धोक्याकडे झुकलंय असं धरतात, २० किंवा जास्त असतील तर अवलंबित्व असण्याची बरीच शक्यता, म्हणजे नीट तपासणी हवीच. हे त्याच्याबरोबर बसून भरा, त्याच्या पाठीमागे नको.

औषध ठरवताना कामाचा विषय डॉक्टरसमोर काढा

डिटॉक्स झालं म्हणजे उपचार झाला असं अनेकांना वाटतं. तो फक्त शरीरातून उतरण्याचा भाग झाला, क्रेव्हिंग, म्हणजे पिण्याची ओढ, तिथेच असते. पुढच्या महिन्यांसाठी तीन औषधं जास्त वापरली जातात आणि माझ्या मते निवड करताना माणूस काय काम करणार हा प्रश्न विचारलाच पाहिजे, पण विचारला जात नाही.

नाल्ट्रेक्सोन, बहुतेक वेळा ५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. प्यायल्यावर मिळणारी मजा कमी होते त्यामुळे एका पेगवर थांबणं तरी जमू लागतं. दिवसाला एकच गोळी म्हणून कामावर जाणाऱ्याला सोपं. पण हे चालू असताना अफूवर्गातल्या पेनकिलर चालत नाहीत, आणि कुणी आधीच तशा गोळ्या घेत असेल तर एकदम त्रास सुरू होतो, त्यामुळे कंबरदुखी-गुडघेदुखीसाठी काय काय चालू आहे ते डॉक्टरला सगळं सांगा. अकॅम्प्रोसेट हे लिव्हर कमजोर असणाऱ्यांना बरं पडतं, किडनी मात्र ठीक हवी, आणि ते दिवसातून तीन वेळा दोन-दोन गोळ्या असं असतं. आता कामावर पहिल्याच आठवड्यात दुपारी सगळ्यांसमोर गोळ्या काढायच्या म्हणजे कोण काय विचारेल या भीतीनेच दुपारचा डोस चुकतो. साधा उपाय, नेहमीच्या व्हिटॅमिनच्या छोट्या डबीत तेवढ्याच दोन गोळ्या, पण हे आधी ठरवायला हवं.

तिसरं डायसल्फिरम. हे घेऊन दारू प्यायली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लाल होतो, धडधड, उलट्या, बीपी खाली. गंमत म्हणजे याची पहिली चाहूल कामाच्या ठिकाणीच लागली होती, १९३७ मध्ये एका अमेरिकन कारखान्याच्या डॉक्टरने लिहून ठेवलं की रबरात वापरायच्या, याच जातीच्या एका रसायनाशी संबंध आलेल्या कामगारांना दारू सोसतच नाहीये. पुढे १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोब्सन यांनी ते औषध म्हणून पुढे आणलं. ज्याला पूर्ण बंदच करायचीये आणि रोज कुणासमोर तरी गोळी घ्यायला तयार आहे, त्याच्या बाबतीत ते उपयोगी पडतं. पण पेंट, थिनर, सॅनिटायझर, स्पिरिट यांच्यात दिवस घालवायचं काम असेल तर डॉक्टरला आधी सांगा, वाफेतून किंवा कातडीतूनही काहींना त्रास होतो. आणि हात जोडून सांगतो, ही गोळी जेवणात लपवून देऊ नका. त्याला माहीत नसताना तो पितो आणि रिॲक्शन जिवावर बेतू शकते, गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो, आणि कळलं की तुमच्यावरचा त्याचा विश्वास गेला तो गेलाच.

झोप आणि मूड याबद्दल थोडक्यात. पहिले काही आठवडे, कधी काही महिने, झोप तुटक असते, लक्ष लागत नाही, गोष्टी विसरतात, आणि हे हळूहळू सुधारतं. उदासी बऱ्याच जणांची तीन-चार आठवड्यांत ओसरते, तरी टिकली तर तिचा वेगळा उपचार लागतो. मरणाच्या गोष्टी बोलायला लागला तर आठवडे मोजायचे नाहीत, त्याच दिवशी डॉक्टर किंवा हेल्पलाइन.

दोन्ही फायली एका टेबलावर आणा

आता खरा मुद्दा. बहुतेक ठिकाणी काय होतं की व्यसनमुक्तीचा काउन्सेलर वेगळा, नोकरी शोधून देणारं ऑफिस वेगळं, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. नोकरीवाले सोमवारी दहाला इंटरव्ह्यू लावतात, त्याच वेळी ग्रुप थेरपी. तो एकीकडे जातो, दुसरीकडे गैरहजेरी लागते, दोन-तीन वेळा असं झालं की नाव कमी.

तुम्ही करायचं ते असं की दोन्ही ठिकाणच्या एकेका माणसाची गाठ घालून द्या, आणि ज्याच्यासाठी हे चाललंय त्याच्याकडून लेखी संमती घ्या की यांनी एकमेकांशी काय बोललं चालेल. काय बोललं चालेल हे कागदावर स्पष्ट असू दे, म्हणजे येण्याजाण्याच्या वेळा, औषधाचा कामावर होणारा परिणाम, कुठलं काम नको, एवढं चालेल, पण थेरपीत घरच्या भांडणाबद्दल काय बोलला ते नाही. महिन्यातून एकदा तिघं-चौघं वीस मिनिटं एकत्र बसले तरी पुष्कळ झालं, फोनवर का होईना, आणि त्या बैठकीत तो स्वतः हजर पाहिजे.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. नेथन अझरिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने जॉर्ज हंटबरोबर १९७३ मध्ये दारूसाठी एक उपचारपद्धत मांडली त्यात नोकरी शोधणं, घरातलं नातं सुधारणं, दारूशिवाय चार माणसांत मिसळणं हे सगळं उपचाराचाच भाग होतं. त्याच अझरिनने दोन वर्षांनी सहकाऱ्यांबरोबर जॉब क्लब मांडला, जिथे बेकार लोक रोज एकत्र बसून फोन करतात, अर्ज भरतात, एकमेकांची तयारी करून घेतात. नंतर १९९० च्या दशकात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांसाठी आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट, म्हणजे एकेकाला नोकरी लावून पुढेही साथ देणं) नावाची पद्धत बसवली, आणि इंग्लंडमध्ये ती दारू आणि ड्रग्जच्या उपचारातल्या लोकांबरोबरही वापरून पाहिली गेली. तिचा गाभा सरळ आहे, ज्याला काम करायचंय त्याला तू अजून तयार नाहीस म्हणून परत पाठवायचं नाही, वर्षभर ट्रेनिंगमध्ये घोळवत न ठेवता महिनाभरातच खऱ्या नोकरीचा शोध सुरू करायचा, त्याच्या आवडीचं काम बघायचं, आणि लागल्यावरही साथ सोडायची नाही. तुमच्याकडे असा प्रोग्राम नसेल तरी या चार गोष्टी घरूनही पाळता येतात.

कुठलं काम, किती तास

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मोठा कोर्स लावू नका, डोकं अजून जागेवर आलेलं नसतं आणि नापास झाला की तेच निमित्त होतं. त्या काळात फक्त सकाळ बसवा. ठरलेल्या वेळेला उठणं, अंघोळ, बाहेर पडणं, रोज एक फोन किंवा एक अर्ज, बस्स. तिथून पुढे आठवड्याला पंधरा-वीस तासांचं काम मिळालं तर सुरुवातीला फुल टाइमपेक्षा तेच बरं, कारण उपचाराच्या वेळाही सांभाळायच्या असतात.

टाळायची कामं म्हणजे जिथे दारू हाताशी आहे ते सगळं, बार, पार्ट्यांचं केटरिंग, गोडाऊनमधला दारूचा माल. नाइट शिफ्टही सुरुवातीला नको कारण झोप आधीच मोडलेली असते. फिट येऊन गेलेल्याने ड्रायव्हिंग, उंचीवरचं काम, कटिंग मशीन याबद्दल डॉक्टरचं लेखी मत घ्यावं, पाय बधिर होत असतील तर शिडीचं कामही विचार करून. रात्रभर एकट्याने बसायची वॉचमनकी वरवर सोपी वाटते पण मला विचाराल तर ती सगळ्यात वाईट, एकटेपणा, कंटाळा आणि बघायला कुणी नाही.

काही मदत, भत्ता वगैरे चालू असेल तर कमाई सुरू झाल्यावर त्याचं काय होणार हे आधी विचारून घ्या. मदत बंद होईल या भीतीने लोक नोकरी टाळतात आणि ते आळस म्हणून धरलं जातं.

मधली वर्षं कुठे होतात?

इंटरव्ह्यूतला हा प्रश्न येणारच. खोटं सांगू नये, पण सगळं सांगायचीही गरज नाही. दोन वाक्यं पुरतात, उदाहरणार्थ, "तब्येतीच्या कारणाने मला थांबावं लागलं, उपचार व्यवस्थित चालू आहेत आणि डॉक्टरांनी कामाला हरकत नाही म्हणून सांगितलंय. गेले काही आठवडे मी रोज अमुक काम करतोय." दुसरं वाक्य महत्त्वाचं, त्यात सध्याचं काहीतरी हवंच, शिकाऊ काम, स्वयंसेवक म्हणून काम, भावाच्या दुकानाचा हिशोब, काहीही, फक्त खरं.

हे मनात ठेवून चालत नाही, तोंडाने म्हणून घ्यावं लागतं. समोर बसा, साहेब व्हा आणि विचारा. पहिल्यांदा तो खाली बघेल, मग लांबलचक खुलासा देत सुटेल, बायकोचं काय, आधीच्या मालकाचं काय. तिथे थांबवा, परत. तिसऱ्या-चौथ्या वेळी दोन वाक्यांत येतो आणि पुढे स्वतःहून विचारतो की कामाची वेळ काय असेल. तो प्रश्न आला की समजा जमलं. आणि ओळखीतून नोकरी लागत असेल तर मालकाला किती सांगायचं ते त्याने ठरवायचं, तुम्ही परस्पर "तेवढं लक्ष ठेवा हो त्याच्यावर" असं करू नका.

पहिला पगार

सगळं सुरळीत चाललेलं असताना गाडी घसरते ती बरेचदा इथे. खूप दिवसांनी हातात स्वतःचे पैसे, बरोबरचे म्हणतात पार्टी, जुन्या उधाऱ्यावाल्यांचे फोन, आणि मनात एक आवाज की एवढे दिवस राहिलो, एक दिवस चालतं. म्हणून पगाराचा दिवस आधीच आखून ठेवा. पगार खात्यावर, रोख नको. देणी कुठली पहिल्यांदा द्यायची याची यादी त्यानेच बनवलेली असू दे. त्या दिवशी सुटल्यावर कुठे जायचं, कुणाबरोबर, ते ठरलेलं हवं, ग्रुपची मीटिंग असेल तर त्याच संध्याकाळची धरा. पैसे घरच्यांनी काढून घ्यायचे का? बरेच जण घेतात, पण मोठ्या माणसाचं कार्ड काढून घेतलं की कमावण्याची अर्धी गोडी जाते, त्यापेक्षा खात्यातून रोज किती काढता येईल त्याची मर्यादा त्यालाच लावायला सांगा.

पार्टीला नाही कसं म्हणायचं हेही एकदा म्हणून बघा. "गोळ्या चालू आहेत, डॉक्टरने मना केलीये" एवढं पुरतं, खरंही आहे आणि पुढे कुणी आग्रह करत नाही.

एखाद दिवशी प्यायलाच तर

शक्यता धरूनच चाला. ॲलन मार्लाट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय, त्याचं म्हणणं असं की एकदा घसरण्यापेक्षा नंतर डोक्यात येणारं "आता मोडलंच आहे तर जाऊ दे" हे जास्त नुकसान करतं. तेव्हा तो ठीक असतानाच एक कागद करून ठेवा. त्यावर तीन गोष्टी, पहिला फोन कुणाला, कामावर कोण आणि काय कळवणार, डॉक्टरकडे कधी. पिऊन कामावर जायचं नाही, त्या दिवशी तब्येत बरी नाही म्हणून रजा टाकायची आणि दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं. सलग बरेच दिवस प्यायलं गेलं असेल तर परत स्वतःहून एकदम बंद करायचं नाही, वर सांगितलेला धोका तसाच असतो.

घरच्यांनी त्या रात्री भाषण देऊ नये, काही पोचत नाही. सकाळी चहा झाल्यावर काल नेमकं काय झालं होतं, किती वाजता, कोण होतं, कामावर काही बोलाचाली झाली का, हे विचारा. बरेचदा उत्तरात सुपरवायझर निघतो किंवा रिकामा रविवार, मग त्याच्यावर काम करता येतं.

औषधं साधारण सहा महिने ते वर्ष चालवतात, कधी जास्त, आणि नोकरी लागली म्हणून ती आपण होऊन बंद करायची नाहीत. शिफ्ट बदलली, बढती मिळाली, बाहेरगावी पाठवलं, अशा प्रत्येक वेळी कागद परत काढून बघायचा. पहिली नोकरी टिकतेच असंही नाही. सुटली तर काउन्सेलरला त्याच दिवशी कळवा, पुढचा अर्ज त्याच आठवड्यात जाऊ दे, आणि जुन्या ठिकाणाहून अनुभवाचं पत्र मागायला लाजू नका, तीन महिन्यांचं का असेना, रिझ्युमेतला गॅप तिथे तुटलेला असतो.